अंदाजपत्रकाबाहेरचा खजिना

सार्वजनिक पैशाच्या बाबतींत आपल्या राज्यांत सध्यां दोन न्याय चालू आहेत. देवाच्या पैशाला एक न्याय आणि सरकारच्या पैशाला दुसरा. औंढा नागनाथासारख्या ज्योतिर्लिंगापुढें भाविक जो पैसा ठेवितो तो कोणाच्या हातीं गेला, कशावर खर्च झाला आणि वर्षाअखेर किती उरला, हें विचारण्याची सोय कायद्यानें करून ठेविली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून एकदां नोंद झाली, कीं मग तें देवस्थान बारा ज्योतिर्लिंगांपैकीं असो वा एखाद्या वाडीवरचा मारुति असो, १९५० च्या कायद्याप्रमाणें त्याला हिशेब ठेवावे लागतात, ते तपासून घ्यावे लागतात, आणि ठराविक मर्यादेहून अधिक उत्पन्न असेल तर वर्ष सुरू होण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांकडे अंदाजपत्रकहि सादर करावें लागतें. हा नियम योग्य आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. आमची तक्रार अशी, कीं जें सरकार नागनाथाकडून अंदाजपत्रक मागतें तें स्वतःच्या हातांतील कितीतरी पैसा अंदाजपत्रकाच्या बाहेर ठेवितें, आणि त्या सगळ्याचा एकत्र जमाखर्च ज्यांचा तो पैसा आहे त्यांच्यापुढें मांडीत नाहीं.

विषय रुक्ष आहे, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या घरांत वाण्याची वही महिन्याच्या महिन्याला ताडून पाहिली जाते, त्या घराला तो परका वाटण्याचें कारण नाहीं. अशी कल्पना करा, कीं घरचा कर्ता पुरुष दरमहा सर्वांना खर्चाची वही दाखवितो. वही नीटनेटकी असते, बेरजाहि बरोबर असतात. मात्र महिन्याच्या शेवटच्या दिवशीं शिल्लक रक्कम तो एका निराळ्या पाकिटांत घालतो आणि वहींत ती ‘खर्च झाली’ असें लिहितो. शेताच्या एका तुकड्याचें उत्पन्न तो वहींत आणीतच नाहीं. तें एका स्नेह्याकडे जमा होतें. आणि पुतण्याच्या नांवानें कर्ज काढून तो स्वतःच्या घराला माडी चढवितो. पुतण्याचे हप्ते मात्र घरखर्चांतून जातात. या कर्त्या पुरुषानें एक पैहि स्वतः खाल्ली नसेल. तरी त्याची वही खरी आहे, असें कोणी म्हणेल काय? राज्याच्या जमाखर्चांत आज या तिन्ही युक्त्या रूढ झाल्या आहेत, आणि त्यांतील प्रत्येकीला प्रतिष्ठित नांव मिळालें आहे.

राज्यघटनेची योजना याच्या नेमकी उलट आहे. राज्याच्या पैशासाठीं तिनें तीन कोठारें सांगितलीं. कर, कर्जें आणि दिलेल्या कर्जांची वसुली हें सर्व २६६ व्या अनुच्छेदाप्रमाणें एकत्रित निधींत जमा व्हावयाचें, आणि विधिमंडळानें कायदा केल्यावांचून त्यांतील एक रुपयाहि बाहेर काढावयाचा नाहीं. भविष्यनिर्वाह निधि, ठेवी, अनामत रकमा असा जो पैसा सरकारजवळ केवळ सांभाळण्यासाठीं असतो, तो लोकलेख्यांत. त्याच्या खर्चाला विधिमंडळाचें मत लागत नाहीं, कारण तो सरकारचा नव्हेच. तिसरें कोठार आकस्मिकता निधीचें. अडीअडचणीला त्यांतून उचल घ्यावी आणि मागाहून विधिमंडळाच्या संमतीनें ती भरून द्यावी. या तिहींच्या मागें तत्त्व एकच आहे: ज्यांच्याकडून पैसा घेतला त्यांच्या प्रतिनिधींनीं आधीं ‘होय’ म्हणावें, आणि मग तो खर्च व्हावा.

आतां युक्त्या पाहूं. पहिली ‘स्वीय प्रपंजी लेखा’ या भारदस्त नांवानें ओळखली जाते. एकत्रित निधींतून रक्कम काढून एखाद्या अधिकाऱ्याच्या नांवें लोकलेख्यांतील ठेवींत टाकली, कीं वर्षाच्या हिशेबांत ती खर्च झाली असें दिसतें. रस्ता झालेला नसतो, शाळेची भिंत उभी राहिलेली नसते; पण ३१ मार्चला तरतूद ‘संपलेली’ असते. कांहीं कामांसाठीं असा लेखा लागतो, हें खरें. पण त्यांत शिल्लक राहिलेल्या रकमांविषयीं महालेखापरीक्षकांनीं राज्याच्या वित्तव्यवस्थेवरील अहवालांतून वारंवार शेरे मारले आहेत. दुसरी युक्ति मंडळांची, प्राधिकरणांची, प्रतिष्ठानांची आणि विश्वस्त निधींची. उपकर वा अंशदान कायद्याच्या बळावरच वसूल होतें. तें जाऊन पडतें मात्र अशा संस्थेच्या बँकखात्यांत, विधिमंडळाच्या मतापासून दूर. तिसरी युक्ति हमीच्या कर्जाची. कर्ज महामंडळानें काढावयाचें, हमी सरकारनें द्यावयाची, आणि हप्ते राज्याच्या खजिन्यांतून फेडावयाचे. तुटीच्या आंकड्यांत मात्र तें कर्ज दिसावयाचें नाहीं.

दुसऱ्या युक्तीचें एक उदाहरण आमच्या मूळ मुद्याच्या अगदीं दारांतच उभें आहे. विश्वस्त संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या हातीं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था प्रशासन निधि या नांवाचा एक निधि त्याच १९५० च्या कायद्यानें सोंपविलेला आहे. संस्थांनीं आपल्या उत्पन्नाचा शेंकडा दोन हिस्सा त्यांत भरावा, अशी रीति होती. म्हणजे देवापुढें पडलेल्या शंभर रुपयांतले दोन रुपये अखेर सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यांतील निधींत जात. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें, आणि २००९ सालीं न्यायालयानें ही वसुली थांबविण्याचा अंतरिम आदेश दिला. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यासाठीं गोळा केलेल्या पैशाचा प्रश्न विधिमंडळाच्या दालनांत सुटावयास हवा होता. तो न्यायालयाच्या पायरीवर जावा, याहून या पद्धतीवर बोलकी टीका कोणती?

अशा बाहेरच्या खजिन्याचा अनुभव मराठवाड्याला नवा नाहीं. औंढ्याच्या देवळाचा जीर्णोद्धार अहल्याबाई होळकरांनीं केला असें सांगतात. अहल्याबाईंचा धर्मादाय खासगींतून चाले. दौलतीचा खजिना निराळा होता, आणि हा भेद त्यांनीं कटाक्षानें पाळला. म्हणून त्यांच्या नांवाला आजहि लोक हात जोडतात. परंतु या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाहीं. खासगीच्या धर्मादाय संपत्तीसाठीं १९६२ सालीं इंदुरास विश्वस्त संस्था स्थापन झाली. पुढें हरिद्वारच्या कुशावर्त घाटावरील मालमत्तेच्या व्यवहारावरून वाद माजला, आणि २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या संस्थेला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा लागू असून तिनें त्याखालीं नोंदणी केली पाहिजे असा निर्णय दिला. तात्पर्य उघड आहे. बाहेरचा निधि अहल्याबाईंच्या हातीं असेल तर तो शुद्ध राहील. पण राज्यव्यवस्था प्रत्येक पिढींत अहल्याबाई जन्मास येईल या भरंवशावर चालवितां येत नाहीं.

निजामी अमलांत तर ही गोष्ट राज्याच्या रचनेंतच मुरली होती. दिवाणीचा मुलूख एक आणि सर्फेखासचा मुलूख दुसरा. सर्फेखास म्हणजे खुद्द निजामाची मालकी. त्याचें उत्पन्न राज्याच्या अंदाजपत्रकांत न येतां निजामाच्या खासगी खजिन्यांत जाई. रयत सारा भरी ती तितक्याच घामाचा, पण तिच्या पैशाला राज्याच्या जमाखर्चांत जागा नव्हती. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत आलें, आणि १९४९ सालीं सर्फेखास दिवाणींत विलीन झाली. मराठवाड्याच्या मुक्तीची कथा सांगतांना आपण झेंडा आणि हुतात्मे यांची आठवण ठेवितों, आणि ती ठेविलीच पाहिजे. परंतु राज्यांत एकच खजिना असावा, हेंहि त्या मुक्तीचें एक फळ होतें, हें विसरून चालणार नाहीं.

हमीच्या कर्जाची कथा तर याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबादेंत पामर आणि कंपनी या पेढीनें निजाम सरकारला जबर व्याजानें पैसा पुरविला. फौजेचे पगार पेढीनें द्यावयाचे आणि त्याबद्दल मुलखाचा वसूल तिला तोडून द्यावयाचा, अशी व्यवस्था होती. १८२० सालीं साठ लाखांचें कर्ज मंजूर झालें, आणि त्या व्यवहाराचें खरें स्वरूप उघडकीस आणण्यास मेटकाफसारखा रेसिडेंट यावा लागला. औंढ्यापासून जवळच असलेल्या हिंगोलीस त्या काळीं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या कंटिंजंटच्या खर्चापायीं थकलेल्या देण्याचा परिणाम असा झाला, कीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं गेलें. त्या तहांत निदान एवढें तरी होतें, कीं वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब इंग्रजांनीं निजामास दरसाल द्यावा. १८६० च्या तहांत तीहि अट गेली. हिशेब मागण्याचा हक्क निजामानें सोडून दिला. हिशेबाचा हक्क गेल्यावर मुलूखहि फार काळ आपला राहत नाहीं: १९०२ सालीं वऱ्हाड सालिना पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्यानें गेलें. हिंगोलीच्या छावणीचा खर्च कोणी मंजूर केला होता, असें त्या काळच्या रयतेला कोणी विचारलें नाहीं. फेड मात्र तिनेंच केली.

हा इतिहास उगाळण्याचें कारण असें, कीं आपल्या स्वतःच्या राज्यांत तीच वाट निराळ्या पोशाखांत पुन्हां दिसूं लागली. १९९६ सालीं महाराष्ट्र कृष्णा खोरें विकास महामंडळ स्थापन झालें. बच्छावत लवादानें दिलेलें पाणी मुदतींत अडवावयाचें होतें, आणि त्यासाठीं अंदाजपत्रकांत पैसा पुरत नव्हता. हेतु चांगला होता, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. पुढील दोन वर्षांत विदर्भ, तापी, कोंकण आणि १९९८ सालीं गोदावरी मराठवाडा अशीं महामंडळें निघालीं. कृष्णा खोऱ्याच्या महामंडळानें सरकारच्या हमीवर रोखे विकून चढ्या व्याजानें पैसा उभारला. रोखे महामंडळाचे, हमी सरकारची, आणि फेडीचा भार अखेर राज्याच्या खजिन्यावर, म्हणजे ज्या करदात्याला या कर्जाविषयीं कोणीं विचारलें नव्हतें त्याच्याच खांद्यावर.

आणि पाणी? २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणींत, दशकभरांत सिंचनाखालील क्षेत्राचें प्रमाण अवघा एकदशांश टक्का वाढलें असें दिसून आलें. गदारोळ झाला. नोव्हेंबर २०१२ मध्यें सरकारनें श्वेतपत्रिका काढली आणि वाढ पांच टक्क्यांहून अधिक झाली असें सांगितलें. एकाच सरकारचे दोन कागद, आणि त्यांत पन्नास पटींचा फरक! कोणता आंकडा खरा, या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं जेथें पैशाची वही एक नसते तेथें कामाचें मापहि एक राहत नाहीं. औंढ्याजवळ दुधाळ्यास गुरुत्वलहरींचा वेध घेणारी ‘लायगो’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ सालीं सुमारें २,६०० कोटि रुपये मंजूर केले. प्रोटॉनच्या व्यासाहूनहि कितीतरी सूक्ष्म हालचाल टिपणारें यंत्र ज्या तालुक्यांत येत आहे, त्याच तालुक्यांतील शेतकऱ्याला पाटबंधारे महामंडळाच्या पैशांतून आपल्या वांट्याला काय आलें, हें धड कोणी सांगूं शकत नाहीं. पूर्णेवरचें सिद्धेश्वर धरण त्याच्या डोळ्यांसमोर आहे. धरणाची भिंत दिसते, हिशेबाची दिसत नाहीं.

येथें मागासलेल्या जिल्ह्यांचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो आमच्या मतें या सर्व चर्चेचा गाभा आहे. १९८४ सालीं दांडेकर समितीनें विभागांचा अनुशेष मोजला. १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळें आलीं. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून हिंगोली जिल्हा निराळा झाला. ३० एप्रिल २०२० रोजीं विकास मंडळांची मुदतहि संपली. इतक्या वर्षांच्या या वादांत मराठवाड्याचें म्हणणें एकच राहिलें आहे: आमचा न्याय्य वांटा द्या. पण वांटा म्हणजे कशाचा? एकूण पैसा किती हें ठाऊक असेल तरच त्याचा हिस्सा काढतां येतो. राज्याच्या पैशापैकीं एक भाग अंदाजपत्रकांतून आणि दुसरा भाग महामंडळांच्या, प्राधिकरणांच्या व हमीच्या वाटेनें खर्च होत असेल, तर केवळ अंदाजपत्रक हातीं घेऊन न्याय-अन्याय ठरवूं जाणें म्हणजे अर्ध्या तराजूनें तोलणें होय. ज्यांचे आमदार थोडे आणि वजन हलकें, त्यांच्यासाठीं उघडी वही हेंच एकमेव हत्यार असतें. बाहेरच्या खजिन्याची किल्ली नेहमीं बलवान जिल्ह्यांच्या कमरेला असते.

दुबळ्यांच्या पैशाचें काय होतें याचा आणखी एक दाखला घ्या. बांधकाम मजुरांसाठीं १९९६ सालीं केंद्रानें कायदा केला; बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून त्यांतून मजुरांचें कल्याण करावयाचें होतें. महाराष्ट्राचे नियम निघाले २००७ सालीं. मधलीं अकरा वर्षें मजूर नुसते भिंती बांधीत राहिले. मार्च २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें देशभराचा हिशेब मांडला: ३७,४०० कोटींहून अधिक रुपये गोळा झाले होते, आणि त्यांतील सुमारें ९,५०० कोटीच खर्ची पडले होते. उरलेले सुमारें २८,००० कोटि कां पडून आहेत, असा न्यायालयाचा सवाल होता. त्याआधीं कांहीं ठिकाणीं या पैशांतून लॅपटॉप आणि कपडे धुण्याचीं यंत्रें घेतल्याचें न्यायालयापुढें आलें होतें. मराठवाड्यांतून पुण्या-मुंबईस आणि हैदराबादेस विटा वाहण्यास जाणाऱ्या बाईला कपडे धुण्याच्या यंत्राची गरज आहे असें ज्यांना वाटलें, त्यांची कल्पनाशक्ति थोर म्हटली पाहिजे! या पैशाला हिशेबतपासणीची तरतूद नव्हती असें नाहीं. नव्हती ती दरसाल विधिमंडळांत उभें राहून ‘इतके आले, इतके दिले, इतके उरले’ असें सांगण्याची सक्ति. चोरीच तेवढी वाईट असें नव्हे. गरिबाच्या नांवानें घेतलेला पैसा वर्षानुवर्षें बँकेंत निजून राहणें हीहि एक प्रकारची हानीच आहे, आणि तिचा पंचनामा कोणी करीत नाहीं.

संकटकाळच्या निधींविषयींहि दोन शब्द बोलले पाहिजेत, जरी ते पुष्कळांना अप्रिय वाटतील. मार्च २०२० मध्यें पंतप्रधानांच्या नांवानें ‘पीएम केअर्स’ हा निधि विश्वस्त संस्था म्हणून स्थापन झाला. तो माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखालीं येत नाहीं, अशी भूमिका न्यायालयापुढें घेण्यांत आली. राज्याराज्यांतून मुख्यमंत्र्यांच्या नांवानेंहि साहाय्यता निधि चालतात. या निधींतून कित्येकांना वेळेवर मदत मिळाली असेल, नव्हे मिळालीच आहे. पण ‘ही लोकांची देणगी आहे, सरकारचा पैसा नव्हे’ हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. देणगी पदाकडे पाहून दिली जाते. सरकारी चिन्ह, सरकारी यंत्रणा, सरकारी आवाहन यांच्या बळावर ती जमते. पदाचा विश्वास वापरून जमा केलेला पैसा पदाच्याच जबाबदारीनें बांधलेला असला पाहिजे. विश्वासाचें उत्पन्न घ्यावयाचें आणि विश्वासाचें दायित्व नाकारावयाचें, हें नीतीला धरून नाहीं.

आतां प्रतिपक्षाचीं उत्तरें पाहूं. पहिलें असें, कीं अंदाजपत्रकांतील पैसा ३१ मार्चला व्यपगत होतो आणि धरणें कांहीं बारा महिन्यांत बांधून होत नाहींत. म्हणून बाहेरचा निधि लागतो. अडचण खरी आहे. परंतु काम दीर्घकाळ चालतें म्हणून निधि निराळा ठेवावा, एवढेंच त्यांतून सिद्ध होतें. तो निधि दाखवूं नये हें त्यांतून सिद्ध होत नाहीं. बाहेरचा प्रत्येक निधि बंद करा, असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही म्हणतों, प्रत्येक निधि दिसूं द्या.

दुसरें उत्तर असें, कीं महालेखापरीक्षक आहेतच. आहेत, आणि म्हणून तर इतकें तरी समजतें. पण १९७१ च्या त्यांच्या कायद्यांत अनुदानावर चालणाऱ्या संस्थांसाठीं रकमेच्या आणि टक्केवारीच्या मर्यादा आहेत. आणि तपासणी ही नेहमींच खर्च झाल्यानंतरची गोष्ट असते. वैद्यानें मृत्यूचें कारण बिनचूक सांगितलें म्हणून रोग्याला नाडी दाखविण्याची गरज नव्हती, असें होत नाहीं. विधिमंडळाची संमति खर्चाच्या आधीं, तपासणी नंतर; दोन्ही हव्यात, आणि एक दुसऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं.

तिसरें उत्तर मोठ्यानें बोललें जात नाहीं, पण मनांत असतें: एवढे आंकडे सामान्यांना समजणार कसे? हें ऐकलें कीं आम्हांस परक्या अमलाची आठवण होते; त्या काळचे साहेबहि हेंच म्हणत. सामान्य माणसाला गुंतागुंत समजत नसेल, पण शिल्लक समजते. बचतगटांतील बायका दर बैठकींत जमा, कर्ज आणि व्याज यांचा मेळ घालतात. ज्या राज्यांत हें घडतें तेथील नागरिकांना ‘तुम्हांला हिशेब कळावयाचा नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार कोणा सचिवाला नाहीं.

सुधारणा अशक्य आहे, असेंहि कोणी म्हणूं नये. वनजमिनीच्या बदल्यांत द्यावयाच्या वनीकरणाच्या पैशाचें उदाहरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशांपासून तो पैसा निराळा साठत गेला आणि वर्षानुवर्षें अंदाजपत्रकाबाहेर राहिला. २०१६ सालीं कायदा होऊन तो लोकलेख्यांत आणण्याचें ठरलें, आणि २०१९ सालीं राज्यांना ४७,००० कोटींहून अधिक रक्कम पोंचली. महाराष्ट्राच्या वांट्याला सुमारें ३,८४४ कोटि आले. ही व्यवस्था निर्दोष आहे असें नव्हे. पण बाहेरचा पैसा आंत आणतां येतो, हें सिद्ध झालें. कर्जाच्या बाबतींतहि २०२२ पासून केंद्रानें अशी भूमिका घेतली आहे, कीं ज्या महामंडळाच्या कर्जाची फेड राज्याच्या अंदाजपत्रकांतून होते तें कर्ज राज्याचेंच धरावें. केंद्रानें राज्याला हें सांगावें कीं नाहीं, यावर केरळानें दावा लावला आहे आणि २०२४ सालीं तो घटनापीठाकडे गेला. अधिकाराचा तो वाद न्यायालय निवडील. पण केंद्राच्या धाकानें उघडें करावयाचें तें राज्यानें आपल्या जनतेच्या आदरानें आपण होऊन उघडें कां करूं नये?

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. अंदाजपत्रकाबरोबर दरसाल एकच विवरण विधिमंडळापुढें यावें. त्यांत प्रत्येक मंडळ, प्राधिकरण, प्रतिष्ठान, विश्वस्त निधि आणि स्वीय प्रपंजी लेखा यांची आरंभींची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक असावी, व हमीच्या प्रत्येक कर्जापुढें तें कोण फेडतो हें लिहिलेलें असावें. ठेवींत टाकलेली रक्कम खर्च झाली असें धरूं नये, आणि वर्षभर वापरली गेली नाहीं तर ती एकत्रित निधींत परत यावी. नवा निधि केवळ शासननिर्णयानें निघूं नये. त्याला विधिमंडळाचा कायदा असावा आणि त्या कायद्यांत निधीची मुदतहि लिहिलेली असावी. या सर्व निधींची तपासणी महालेखापरीक्षकांकडून ठरलेल्या मुदतींत व्हावी, आणि तिच्या अहवालावर सभागृहांत एक पूर्ण दिवस चर्चा व्हावी. शेवटची मागणी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते: या विवरणाचें जिल्हावार पान मराठींत छापून प्रत्येक तहसील कचेरींत लावावें आणि ग्रामसभेंत वाचावें. हिंगोलीचें पान औंढ्यास वाचलें गेलें पाहिजे. सरकारी हिशेब मुंबईच्या ग्रंथालयांत उपलब्ध आहे, हें औंढ्याच्या माणसाला दिलेलें उत्तर नव्हे.

यांतील एकाहि गोष्टीला नवा कर लागत नाहीं, नवें खातें लागत नाहीं. लागते ती इच्छा. आणि ती सत्ताधाऱ्यांना आपोआप होत नसते. आज विरोधांत बसून बाहेरच्या निधींवर बोट दाखविणारे उद्यां त्याच निधींच्या किल्ल्या हातीं घेतात, असा आजवरचा अनुभव आहे. म्हणून हा पक्षाचा प्रश्न मानूं नये. हा पैसा देणाऱ्याचा आणि पैसा वापरणाऱ्याचा प्रश्न आहे.

नामदार गोखल्यांनीं १९०२ सालीं कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें, तेव्हां त्यांना त्या अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकारहि नव्हता. १८९२ च्या कायद्यानें केवळ चर्चेची परवानगी होती. तरी शिलकेच्या फुगलेल्या आंकड्यांमागें रयतेवरचा जास्तीचा कर दडला आहे, हें त्यांनीं सरकारला त्याच्याच कागदांवरून दाखवून दिलें. आज मत देण्याचा अधिकार दोनशें अठ्ठ्यायशीं आमदारांना आहे, आणि त्या आमदारांना निवडण्याचा आपणां सर्वांना. वाचकांनीं आपल्या आमदाराला पुढच्या अधिवेशनापूर्वीं एक साधें पत्र लिहावें आणि त्यांत एवढेंच विचारावें, कीं आपल्या जिल्ह्यांत अंदाजपत्रकाबाहेरून किती पैसा आला आणि तो कोठें गेला. उत्तर आलें तर तें जपून ठेवावें व पुढच्या वर्षीच्या उत्तराशीं ताडून पाहावें. न आलें, तर मत मागावयास तो दारीं येईल तेव्हां पत्राची प्रत त्याच्या हातीं द्यावी.